आधी सेनापतींपुढे हजेरी

छंगदू
११ जून २०१९

बोवन,

माझं बोलणं अर्धवट तोडून तू फोन ठेवलास. त्यानंतर उचललाही नाहीस. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण फाडणारा आधी वाचतोच. म्हणून लिहितेय.

मी काय वाईट बोलले? एवढंच म्हणाले, की बघ, शेवटी त्या अमेरिकनांनी तुला आपलं मानलंच नाही. तर तू म्हणालास, "ताई, तू वर्तमानपत्रासारखी बोलतेस." जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं मी. वर्तमानपत्र कधी शिकवलं नाही. माझ्या भावाला पायजम्यावर, अनवाणी, हात मागे बांधून घराबाहेर काढतात, त्याची पोरगी क्लेअर जिन्यात उभी राहून किंचाळते, आणि मी काय बोलायला हवं होतं? की बाबा रे, कायदा आपलं काम करतो आहे?

जोअ‍ॅननं सगळं सांगितलं मला. तुझ्याशी इतकी वर्षं संसार करूनही तिचं चिनी तसंच मोडकं आहे, पण रडताना कुठलीही भाषा पुरते. बंदुका घेऊन आले म्हणे. तुझ्यावर! घरात झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढणाऱ्या माणसावर! गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारा तू. त्या तांबेऱ्याला तरी कळतं का, कुठला गहू अमेरिकेचा आणि कुठला चीनचा?

आणि आरोप काय, तर उन्हाळ्यात छंगदूच्या कृषी विद्यापीठात शिकवायला येत होतास ते तिकडे कळवलं नाहीस. तू कळवलं होतंस. तुमच्या त्या बिलला, तुझ्या विभागप्रमुखाला, तोंडी सांगितलं होतंस, मासे धरायला गेला होतात तेव्हा. आता त्याला आठवत नाही. मासा किती मोठा होता ते आठवत असेल. मागच्या खेपेला मी त्याच्यासाठी घरचं मिरचीचं लोणचं दिलं होतं. ते परत मागून घे.

तू उन्हाळ्यात का यायचास ते मला ठाऊक आहे. आई गेल्यावर बाबा भिंतीशी बोलायला लागले होते, म्हणून यायचास. पण ते कोण लिहून ठेवतं?

बाबांना सांगणार नव्हते. खालच्या मजल्यावरच्या हुआंगबाईंनी जिन्यातच विचारलं, "तुमच्या मुलाला अमेरिकेनं धरलं म्हणे?" मग सांगावंच लागलं. बाबा ऐकत राहिले, आणि मग हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "मला इकडच्यांनी अमेरिकेचा हेर ठरवलं, त्याला तिकडचे चीनचा हेर ठरवताहेत. आपलं घराणं मोठं नामांकित!"

मग उठून गच्चीत गेले आणि जेवायला आलेच नाहीत.

बाकी बाबा ठणठणीत आहेत. माझा यीफान मजेत आहे. तू फोन उचल.

ताई

छंगदू
२४ सप्टेंबर २०१९

बोवन,

हे पत्र टपालात जाणार नाही. तुझ्या वकीलबाई, त्या श्रीमती डोनेली, यांनी कळवलंय की मी आता साक्षीदार आहे आणि खटला संपेपर्यंत तुझा-माझा संबंध नको. फोन नको, पत्र नको, निरोप नको. तुझ्या पायात म्हणे एक पट्टा अडकवलाय. घरापासून लांब गेलास तर तो ओरडतो. मोकळ्या सोडलेल्या गुरालाही आपल्याकडे घंटाच बांधतात, निदान ती गोड वाजते.

तर लिहितेय आणि खणात टाकतेय. पण लिहिल्याशिवाय झोप येत नाही, इतका संताप होतो.

कारण ऐकलं ना मी, त्यांचा मुख्य पुरावा काय आहे ते. तुझ्या फोनमधला मला पाठवलेला निरोप. "पोचल्यावर आधी सेनापतींपुढे हजेरी, मग विद्यापीठाचं काम." झालं. सरकारी वकिलाच्या मते छंगदूत तुझा कुणी लष्करी वरिष्ठ आहे, आणि आल्या आल्या तू त्याला अहवाल देतोस.

श्रीमती डोनेलींनी अगदी जपून विचारलं, "हे सेनापती कोण?" मी फोनवर इतकी मोठ्यानं ओरडले, की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "माझे वडील! अठ्ठ्याऐंशी वर्षांचे! ऐकू येत नाही त्यांना!"

त्या म्हणाल्या, "पण ते लष्करात होते ना?"

आता हे कसं समजवायचं? आपल्याला आठवतं. बाबा त्या कारखान्यात भट्टीत कोळसा ओढायचे, आणि दर संध्याकाळी सुटीनंतर त्यांना एकट्यांना थांबून हजेरी द्यावी लागायची, आज कुणाला भेटलो, काय बोललो. कोरियात अमेरिकनांच्या हाती जिवंत सापडलेला माणूस. मेला का नाहीस, एवढाच प्रश्न होता सगळ्यांचा. कोजे बेटावरच्या छावणीतून सुटून आला, तर इथं अमेरिकनांनी काय शिकवून पाठवलं, हे विचारत राहिले वर्षानुवर्षं. आणि बाबा काळे होऊन दारात आले, की आई आपल्याला म्हणायची, "उठा रे, सेनापती आले!" तू तर तीन वर्षांचा होतास, डाव्याच हातानं सलाम ठोकायचास. तेव्हाच काय ते बाबा हसायचे.

तो आपल्या घरातला सलाम आता अमेरिकेच्या कोर्टात पुरावा म्हणून ठेवलाय. त्यावर कुणी शिक्का मारला असेल, क्रमांक टाकला असेल.

डोनेलीबाई म्हणतात, हे मी शपथेवर सांगितलं तर तो पुरावा फुसका ठरेल. पण इथं बसून परदेशी कोर्टाला साक्ष देता येत नाही. मकाऊला जावं लागेल. तिथं दोन्ही बाजूंचे वकील येतील.

मी म्हटलं, येते. आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की सेनापती कोण हे सांगायचं तर बाबा कैदी होते हे सांगावं लागणार. आपल्या इमारतीत ते कुणालाच माहीत नाही. हुआंगबाईंना वाटतं, ते जन्मभर कारखान्यातच होते.

दोघेजण येऊन गेले घरी. आपल्या सरकारचे. सभ्य होते, बूट काढून आत आले, चहा घेतला. त्यातला थोरला म्हणाला, "शिक्षिकाबाई, तुमचा भाऊ अमेरिकन नागरिक आहे. अमेरिकन माणसाला अमेरिकेनं पकडलं. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

मी म्हटलं, "तो माझा भाऊ आहे."

"तोच तर मुद्दा आहे," तो म्हणाला. "तुमच्या भावाचा उपयोग करून ते आपल्या देशाला बदनाम करताहेत. आणि तुम्ही तिकडे जाऊन उत्तरं देणार. प्रश्न त्यांचे, उत्तरं तुमची. कुठून कुठे जाईल, सांगता येतं का?"

त्याच संध्याकाळी यीफान आला. जूनमध्ये लिहिलं होतं ना, तो मजेत आहे म्हणून? नव्हता. नगररचना खात्यात त्याची बढती मार्चपासूनच अडकलीय. मामा अमेरिकेत, हे त्याच्या प्रत्येक कागदावर लिहिलेलं असतं. तो माझ्यासमोर गुडघे टेकून बसला, बोवन. पस्तिशीचा घोडा. म्हणाला, "आई, मामानं आपला रस्ता निवडला. मी कुठलाच निवडला नाही. मी नुसता इथं जन्मलो. तू गेलीस तर माझं संपलं."

मी म्हटलं, "आणि नाही गेले तर त्याचं संपलं."

तो उठला. दारात बूट घालताना म्हणाला, "त्याच्याकडे वकील आहेत. माझ्याकडे फक्त तू आहेस." आणि गेला.

बाबा कोपऱ्यात बसलेले होते. मला वाटलं, काही ऐकू आलं नसेल. पण त्यांनी मला हाक मारली आणि सदऱ्याची डावी बाही वर करायला लागले. बोवन, आपण दोघांनी त्यांना कधी अर्ध्या बाहीत पाहिलंय का? छंगदूच्या उकाड्यातही नाही. बटण निघत नव्हतं, मी काढून दिलं. कोपराच्या वर तळहाताएवढी जागा आहे. वितळून थिजलेल्या मेणासारखी कातडी. छावणीतल्याच आपल्या लोकांनी, चीनला परत न जाता तैवानला जाऊ म्हणणाऱ्यांनी, धरून गोंदवलं होतं तिथं, साम्यवाद्यांना शिव्या घालणारं. पहारेकरी कुंपणाबाहेरून बघत होते. सुटकेच्या आधी बाबांनी काचेच्या तुकड्यानं ते सगळं मांसासकट काढलं.

"फोटो काढ," म्हणाले. "त्यांना दाखव. विचार, कुठल्या सेनापतीच्या हातावर असं असतं?"

मी म्हटलं, "बाबा, सगळ्यांना कळेल."

"कळू दे. लाज वाटायची ती माझी वाटून झाली. आता इतरांनी वाटून घ्यावी."

ताई

मकाऊ
१९ डिसेंबर २०१९

बोवन,

आजचा दिवस संपला. हॉटेलच्या खोलीत बसलेय. खाली जुगाराचा अड्डा आहे, माणसं पत्ते पिसताहेत, आणि वरच्या मजल्यावर आज दिवसभर आपल्या बाबांना पिसलं.

सरकारी वकील केसलर नावाचा. तरुण पोरगा, गुळगुळीत दाढी केलेला, आवाज मऊ. मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत दिलं, तर म्हणाला, "कृपया आपल्या भाषेत बोला, दुभाष्या आहेत." म्हणजे माझ्या इंग्रजीचाही संशय! म्हटलं, बरं. तर मग घे माझ्या भाषेत.

"निरोपातला सेनापती कोण?"

"माझे वडील, फांग चंगये."

"त्यांचा लष्करातला हुद्दा?"

"साधा शिपाई. तोही तुमच्या तुरुंगातला."

दुभाषीबाई घुटमळल्या. मी म्हटलं, "सांगा, सांगा. जसंच्या तसं सांगा."

मग मी सगळं सांगितलं. भट्टी, कोळसा, हजेरी, आई, डाव्या हाताचा सलाम. फोटो दाखवला. डोनेलीबाई डोळे पुसत होत्या. केसलर टिपून घेत होता. थोड्या वेळानं त्यानं मान वर केली आणि विचारलं, "म्हणजे तुमच्या वडिलांना अमेरिकेबद्दल राग असणं स्वाभाविक आहे. तो त्यांनी मुलाला शिकवला का?"

बोवन, आयुष्यात मी वर्गात कधी कुणावर हात उगारला नाही. आज उगारला असता.

मी म्हटलं, "तुम्हाला माझ्या वडिलांनी माझ्या भावाला काय शिकवलं ते ऐकायचंय? ऐका. त्यांच्या मांडीतली गोळी तुमच्याच एका डॉक्टरनं काढली. तांबड्या केसांचा होता, त्याला घोरण्याची सवय होती, बाबा अजून त्याची नक्कल करतात. आणि शहाऐंशी साली माझ्या भावाला तुमच्या विद्यापीठाचं बोलावणं आलं, तेव्हा आई रडत होती, मी नको म्हणत होते, आणि बाबा एकटे म्हणाले, जा. तिथं तुला कुणी विचारणार नाही, तुझा बाप मेला का नाही. हे शिकवलं त्यांनी. त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला, मिस्टर केसलर. आमच्या घरात तुमच्या देशावर सगळ्यात जास्त विश्वास कुणाचा असेल, तर तुमच्या कैद्याचा होता. आणि तुम्ही इथं बसून तोच प्रश्न विचारताय, जो आमच्या कारखान्यातला माणूस विचारायचा. शब्दही तेच आहेत. फक्त तुमचा कोट चांगला आहे."

दुभाषीबाईंनी कोटासकट सगळं सांगितलं. बाई चांगली निघाली.

केसलर म्हणाला, "माझ्याकडे आणखी प्रश्न नाहीत."

बाहेर लिफ्टपाशी तो मला एकटाच भेटला. मला वाटलं, काहीतरी बोलेल. त्यानं माझ्यासाठी बटण दाबलं आणि दुसऱ्या लिफ्टची वाट बघत उभा राहिला. काय माणसं आहेत ही? वाईट असती तर बरं झालं असतं. चिडायला सोपं गेलं असतं.

ताई

छंगदू
८ मार्च २०२०

बोवन,

बाबा गेले. हे तुला जोअ‍ॅनकडून कळलंच आहे. बाकीचं मी सांगते.

मकाऊहून आले त्याच आठवड्यात ते दोघे पुन्हा आले. या वेळी बूट घालूनच आत आले. "अमेरिकनांनी काय विचारलं?" मी सांगितलं. "तुम्ही काय सांगितलंत?" ते सांगितलं. थोरल्यानं ते वहीत टिपून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे परत आल्यावर तुमच्या वडिलांना इथं कसं वागवलं, हे तुम्ही परक्यांना सांगितलंत."

मी म्हटलं, "खोटं आहे का?"

"खरं आहे," तो म्हणाला. "सन ऐंशीमध्ये सरकारनं ते दुरुस्त केलं. तेही सांगितलंत का?"

"कुणी विचारलं नाही."

"आम्ही विचारलं असतं," तो म्हणाला.

यीफानची बदली झाली, दूर डोंगरात, एका तालुक्याच्या ठिकाणी. नववर्षाला तो आला नाही. साथीमुळे रस्ते बंद होते, असं मी सगळ्यांना सांगते. रस्ते बंद होण्याआधीच त्यानं नाही म्हणून कळवलं होतं.

आणि बाबा तर झटपट खचत गेले. जूनमध्ये मी ठणठणीत लिहिलं, तेव्हाही ते अर्ध्या वाटी भातावर आले होते. तुला कशाला सांगायचं होतं? पायात पट्टा घालून तू काय करणार होतास?

शेवटच्या आठवड्यात जोअ‍ॅनचा फोन आला, चेहरा दिसतो तसला. मी बाबांच्या तोंडासमोर धरला. ती पुढे होती आणि मागे चुलीपाशी तू उभा होतास. निळा स्वेटर. मी तुला पाहिलं आणि तू मला पाहिलंस.

बाबा म्हणाले, "किती बारीक झालाय हा. तिकडे जेवायला देत नाहीत का?"

तू बोलला नाहीस.

"बोवन," ते म्हणाले. "कधी येतोस?"

तू बोलला नाहीस! कढई हातात धरून उभा राहिलास. जोअ‍ॅनच म्हणत होती, "लवकर, बाबा, लवकर," तिच्या त्या मोडक्या चिनीत. मला ठाऊक आहे, साक्षीदाराशी बोलायचं नाही. ठाऊक आहे, डोनेलीबाईंनी बजावलं होतं. ठाऊक आहे, कुणी ऐकत असेल. पण एक शब्द, बोवन! "बाबा" म्हणाला असतास, तर अमेरिकेचं कुठलं धरण फुटलं असतं? ज्यांनी तुला पायजम्यावर बाहेर ओढलं, त्यांचे नियम तू स्वतःच्या स्वयंपाकघरात पाळत उभा राहिलास! आणि हा माणूस म्हणे त्या देशाचा शत्रू! त्यांना यापेक्षा आज्ञाधारक अमेरिकन कुठं मिळणार आहे?

मग बाबांनी एक केलं. त्यांचा उजवा हात उठत नव्हता. डावा उचलला, कपाळाला लावला.

आणि तू कढई खाली ठेवलीस, आणि तूही लावलास. डावाच.

ते मी पाहिलं. ते पाहिलं म्हणूनच हे पत्र लिहितेय, नाहीतर तुझं नाव टाकलं असतं.

अंत्यसंस्काराला आम्ही तिघंच होतो, तोंडाला फडकी बांधून. मी, हुआंगबाई आणि त्यांचा नवरा. हुआंगबाईंना आता सगळं माहीत आहे. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त राखेचा डबा उचलताना म्हणाल्या, "द्या इकडे, घरापर्यंत मी धरते."

ताई

छंगदू
३० जुलै २०२०

बोवन,

तिकडे तुमच्या सरकारनं आमची एक वकिलातीची कचेरी बंद केली, म्हणून इकडे आमच्या सरकारनं तुमची. छंगदूतली. तुझा पहिला व्हिसा याच शहरात झाला होता, बाबा सायकलवर घेऊन गेले होते तुला.

मी बाजाराला जाताना तिकडून गेले. रस्ताभर गर्दी. लोक झेंडे घेऊन फोटो काढत होते, कडेवर पोरं. एका मुलीनं माझ्या हातात फोन दिला, "आजी, मागची पाटी येईल असा काढा ना." दोन बोटं वर करून हसत उभी राहिली. मी विचारलं, "कशाचा आनंद झालाय ग?" ती म्हणाली, "अमेरिकन लोक जाताहेत ना!"

"मग तू कुठं जाणार आहेस?"

ती जरा वरमली. म्हणाली, "पुढच्या वर्षी बोस्टनला जायचं होतं शिकायला. बघू आता."

मी काढला तिचा फोटो. पाटी येईल असाच काढला. दोन म्हातारे सरकारवाले एकमेकांच्या खिडक्या फोडताहेत आणि टाळ्या वाजवणारी पोरं त्याच घरात राहतात. कुणाकुणावर चिडू मी?

ताई

छंगदू
२१ फेब्रुवारी २०२१

बोवन,

खटला मागे घेतला. "न्यायाच्या हितासाठी." डोनेलीबाईंनी तो कागद पाठवला, एवढंच वाक्य आहे त्यावर. चूक झाली असं नाही, माफ करा असं नाही. आता संबंध ठेवता येतो, म्हणून खणातली सगळी पत्रं या पाकिटात घालते. क्रमानं वाच. पहिल्या पत्रातलं लोणच्याचं अजून खरं आहे.

तुझं पत्रही काल मिळालं. दीड पान! बाबांवर अर्धं पान, आणि एक पान हे सांगायला की तू तिथंच राहणार. विद्यापीठानं नोकरी परत दिली, प्रयोगशाळा दिली नाही, तुझी गव्हाची रोपं कुणी पाणी न घातल्यानं वाळून गेली, बिल तुला वाटेत भेटला आणि म्हणाला, "तुला परत पाहून बरं वाटलं." आणि तू म्हणालास, "मलाही."

मलाही!

तू लिहितोस, "ताई, कुठं परत येऊ? यीफानला माझ्यामुळे डोंगरात पाठवलं. तिथल्या इंटरनेटवर लोक मला गद्दार म्हणतात, कुत्र्याला कुत्रा चावला म्हणतात. इथं निदान जोअ‍ॅन आहे, क्लेअर आहे, आणि मी चुकलो नव्हतो हे मला इथंच राहून दाखवायचंय." वाचून मी तुझं पत्र भिंतीवर फेकलं. मग उचलून पुन्हा वाचलं. मग पुन्हा फेकलं.

राग याचा आहे, की तू लिहितोस ते खोटं नाही. मी घर झाडून ठेवलं होतं. बाबांची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली होती. पण उद्या तू आलास, तर ते दोघे बूट घालून येतील, हे मलाही कळतं. मग तुला ये कशी म्हणू? आणि नको येऊ हे तरी माझ्या तोंडून कसं निघावं?

राहा तिथंच. पण पुन्हा कुणी "बरं वाटलं" म्हणालं, तर "मलाही" म्हणू नकोस. एवढं तरी कर माझ्यासाठी.

यीफाननं कळवलंय, त्याला मुलगी झाली. नाव कळवलं नाही.

ताई

छंगदू
१४ एप्रिल २०२४

बोवन,

माझा व्हिसा नाकारला. त्यासाठी ग्वांगचौपर्यंत गेले, कारण छंगदूची खिडकी तुम्हीआम्ही मिळून बंद केलीय. काचेमागची मुलगी क्लेअरएवढी. मी इंग्रजीत बोलले, तर चिनीत उत्तर देत होती, आणि चांगलं देत होती.

"कशासाठी जायचंय?"

"भावाला भेटायला."

"पूर्वी कधी त्यांच्या खटल्यात साक्ष दिलीत का?"

"दिली. तुमच्याच कोर्टासाठी."

ती संगणकाकडे बघत राहिली. मग एक छापील चिठ्ठी सरकवली. तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. मला हसू आलं. सत्तरीला टेकलेली बाई, सांधे धरलेले, मी काय तुमच्या मक्याच्या शेतात लपून राहणार आहे? मी विचारलं, "तुम्ही परत जाल का, याची खात्री तुम्हाला आहे का?" ती खरंच विचारात पडली. मागच्या माणसानं ढकललं म्हणून मी निघाले.

आणि तुझा अर्ज आमच्याकडे सव्वा वर्ष "विचाराधीन" आहे. कोण एवढा विचार करतंय, त्याला एकदा भेटायचंय मला. तू म्हणतोस, मकाऊला व्हिसा लागत नाही, पण तिथं उतरायची भीती वाटते. वाटू दे. वाटायलाच हवी. त्या शहराचं मलाही तोंड पाहायचं नाही.

तर ऐक. आता थायलंडला जायला मला व्हिसा लागत नाही. गेल्या महिन्यापासून. तुला तर पूर्वीपासूनच लागत नाही. मी बँकॉकचं तिकीट काढलंय, नोव्हेंबरचं. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू दीड पान लिहिलं असतंस.

यीफान येतोय. होय. याच महिन्यात थडगी झाडायच्या सणाला तो आपण होऊन आला, मुलीला घेऊन. डोंगरातच राहणार म्हणतो, तिथं हवा चांगली आहे. तुझ्याबद्दल अजून धड बोलत नाही. मी बँकॉकचं सांगितलं, तर म्हणाला, "मला त्यांना काही सांगायचं नाही. पण ऐकवायचं आहे." म्हटलं, चल मग. बॅग उचलायलाही कुणीतरी हवंच.

तुम्ही तिघंही या. जोअ‍ॅनलाही आण, तुमच्यापैकी बाबांशी शेवटचं बोललेलं माणूस ती आहे. खोल्या शेजारी शेजारी घ्यायच्या नाहीत, कारण आवाज फार होणार आहे. पाच वर्षांचं माझ्या पोटात आहे, यीफानचं वेगळं, आणि तुझंही असेलच, तू गिळत बसतोस म्हणून दिसत नाही. ते सगळं ओकायचं. तिथं कुणाला आपली भाषा कळत नाही आणि कुणाला आपल्या सरकारांशी घेणं नाही. मकाऊतल्यासारखं कुणी टिपून घेणार नाही, आणि साक्षीदार म्हणून गप्प राहायची सबब तुला मिळणार नाही.

आम्ही तुझ्या आधी उतरणार आहोत. बाहेर पडताना गर्दी असेल, मी म्हातारी झालेय, केस कापलेत, ओळखू येईन की नाही याची काळजी करू नकोस. जी बाई ओरडत असेल ती मी.

ताई